एकशे आठ जण सोडतीत निघत नाहीत

मार्च २०२५च्या एकाच आठवड्यात कोनामीने दोन गोष्टी केल्या. ‘सुइकोदेन’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या पहिल्या दोन भागांची रिमास्टर आवृत्ती बाजारात आणली आणि ‘सुइकोदेन स्टार लीप’ हा नवा भाग जाहीर केला. पहिल्या गोष्टीने झालेला आनंद दुसरीने नासवला. २०१२च्या पीएसपीवरच्या भागानंतर, जो जपानबाहेर आलाच नाही, ही मालिका ओसाड पडली होती. इतक्या वर्षांनी दार उघडले ते मोबाइलकडे: खेळायला मोफत, आत खरेदीची सोय. अशा खेळांत पात्रे कशी मिळतात हे मोबाइलवर खेळणाऱ्यांना सांगायला नको. रत्ने जमवायची, नाहीतर विकत घ्यायची, आणि सोडत काढायची. नशिबात असेल तो योद्धा पदरात पडतो. इतर मालिकांना ही पद्धत एक वेळ चालून जाईल. सुइकोदेनच्या ती मुळावर येते, आणि का येते ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

जपानी रोल-प्लेइंग गेमचे बाकीचे रान मी भराभर ओलांडतो. ‘फायनल फँटसी’ने पाळीपाळीने लढणे आधीच सोडले होते, सोळाव्या भागात सोबत्यांना हुकूम देण्याचे सुखही घालवले. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आपले जुने घर सुरेख रंगवून घेत आहे. ‘पर्सोना’ला शाळेच्या वर्गाबाहेरचे जग दिसत नाही. यांपैकी एकीलाही राज्य म्हणजे काय, फितुरी म्हणजे काय, निर्वासितांनी भरलेल्या गावाला धान्य कोण पुरवतो, असले प्रश्न पडत नाहीत. सुइकोदेनला ते १९९५च्या पहिल्या भागापासून पडत आले आहेत.

लियांगशानच्या दलदलीतल्या १०८ बंडखोरांची चिनी कादंबरी मालिकेचे कर्ते योशिताका मुरायामा यांनी आधाराला घेतली, पण तिच्यातून उचलली ती मारामारी नव्हे, माणसे गोळा होण्याची रीत. दुसऱ्या भागातला (१९९८) गड डोळ्यांसमोर आणा. आधी तळ्याकाठचे पडके अवशेष. मग एकेक जण येतो आणि गड हलू लागतो. कोणी स्वयंपाकघर मांडतो, कोणी स्नानगृह, कोणी शेत, कोणी ग्रंथालय, कोणी चक्क लिफ्ट बसवून देतो. गावगाड्यात बलुतेदार वसावेत तसे हे लोक गडावर वसतात, आणि लढाईत ज्यांचा काडीचा उपयोग नाही त्यांचेही नाव १०८ जणांच्या नावांच्या शिळेवर उमटते. प्रत्येकाची अट निराळी. गॉर्डन हा व्यापारी. तुम्ही व्यापारात ५०,००० पॉच (खेळातले चलन) नफा कमावून दाखवल्याशिवाय तो जागचा हलत नाही. राजकारणाशी त्याला कर्तव्य नाही, हिशेब कळणारा सरदार त्याला हवा आहे. पहिल्या भागाची सेव्ह फाइल जपून ठेवली असेल तर त्या युद्धाचा नायक बॅनर गावात गळ टाकून बसलेला भेटतो. साम्राज्य उलथवून झाल्यावर त्या मुलाला फक्त मासे धरायचे आहेत, आणि आता त्यालाही उठवावे लागते.

आणि मग लुका ब्लाइटची रात्र. या प्रसंगावर मी कितीही लिहीन, कारण संपूर्ण मालिकेचा युक्तिवाद त्यात आहे. गावेच्या गावे कापून काढणारा हा राजा एका तुकडीने मरत नाही. सहा जणांची एक तुकडी त्याच्यावर जाते, मग दुसरी, मग तिसरी. म्हणजे अठरा माणसे लढायला तयार हवीत, आणि ज्याने आवडत्या सहांनाच पोसले त्याची इथे दाणादाण उडते. अठरा जणांशी झुंजून तो निसटतो. अंधारात ताईत उघडतो, आतून काजवे उडतात आणि त्या उजेडाच्या रोखाने तिरंदाज बाण सोडतात. तरीही तो उभाच. शेवटी नायकाशी एकास एक द्वंद्व: समोरचा काय बोलतो त्यावरून तो पुढे वार करणार की बचाव, हे ओळखायचे आणि त्याप्रमाणे आपला हात टाकायचा. एका माणसाच्या क्रूरतेला पुरे पडायला किती जणांना एकत्र यावे लागते, हे इथे कोणी भाषण करून सांगत नाही. ते खेळणाऱ्याच्या हातून करून घेतले जाते.

हाच हिशेब नायकाचा सेवक ग्रेमिओ याच्या बाबतीत. पहिल्या भागात सोनियेरच्या तुरुंगात माणसे खाणारे बीजाणू सुटतात तेव्हा तो दार ओढून घेतो आणि स्वतः पलीकडे राहतो. तो परत येतो, पण सगळे १०८ जुळले तरच. एखाद्या खेडवळ पोराला सोबत घ्यायचा तुम्ही कंटाळा केलात, तर त्याची किंमत ग्रेमिओ मोजतो. रचना आणि भावना इतक्या घट्ट बांधलेल्या मी या माध्यमात क्वचितच पाहिल्या आहेत.

पुढचे भाग? तिसरा (२००२) एकच युद्ध तीन बाजूंनी दाखवतो, आणि तो संपायच्या आत मुरायामा कोनामीतून बाहेर पडले. चौथ्यात समुद्र मोठा आणि माणसे छोटी. तुकडीही सहांवरून चारांवर आणली. ‘तियरक्राइस’ ही समांतर विश्वांची पळवाट. पाचवा (२००६) मात्र वारसा सांभाळणारा. फालेनाच्या राणीने सूर्यरूनच्या ताकदीने लॉर्डलेक भाजून कोरडे केले आहे, आणि खेळाच्या सुरुवातीलाच तिचा मुलगा त्या भेगाळलेल्या गावात जातो. तिथला तोमा नावाचा मुलगा राजपुत्राचा द्वेष करतो, आणि पुढे त्याच्याच बाजूला येतो. तो का येतो हे समजायला कित्येक तास जावे लागतात. पाचवा भाग संथ आहे, लोडिंगने जीव खातो; तरीही त्या एका मुलासाठी मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

मुरायामांचे स्वतःचे उत्तर म्हणजे ‘एयुदेन क्रॉनिकल’. २०२०मध्ये चाहत्यांनी त्यासाठी ४५ लाख डॉलरवर रक्कम उभी केली. खेळ एप्रिल २०२४मध्ये आला. मुरायामा त्याआधीच, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्याबद्दलचा आदर बाजूला न ठेवताही म्हणावे लागते की एयुदेनला शंभरावर माणसे जमवायची इतकी घाई आहे की पुष्कळ जण दोन वाक्यांत ‘येतो’ म्हणून मोकळे होतात. पाककलेचे सामने, भोवऱ्यांची झुंज, पत्ते, सगळे आहे. गड भरतो, वसत नाही. संख्या म्हणजेच सुइकोदेन, असा समज त्यातून पसरला, आणि मोबाइलच्या बाजाराला नेमका तोच समज हवा होता. १०८ पात्रे म्हणजे १०८ कार्डे, हा हिशेब तिथे आयताच जमतो.

म्हणून माझे भांडण आहे. सोडतीतून निघालेल्या पात्राला ‘नाही’ म्हणता येत नाही. त्याला अट नसते, राग नसतो, मागे सोडून यायचे गाव नसते. गॉर्डनने माझा व्यापार तपासला; सोडतीतला गॉर्डन माझे पाकीट तपासेल. तोमाचा द्वेष मला सोसावा लागला. सोडतीत तो पहिल्या मिनिटाला हसत उभा राहील. जुन्या खेळांतली नावे आणि चेहरे तिथे आणणे ही चाहत्यांची सेवा नव्हे. ज्या गोष्टीने ही नावे मनात रुजली ती वजा करून उरलेले विकणे आहे ते. ‘मालिका जिवंत राहिली हेच पुष्कळ’ म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. असल्या जगण्यापेक्षा रिमास्टर झालेले दोन भाग पुरेत. निदान त्यांत ग्रेमिओ खरोखर दाराआड जातो. लढाई दुप्पट वेगाने चालवायची सोय दिली म्हणून त्यांचे काही बिघडलेले नाही.

मला हवा आहे कन्सोलवरचा पूर्ण लांबीचा नवा भाग, आणि तो हार्मोनियात घडायला हवा. या राज्याची सावली मालिकेच्या अनेक भागांवर पडली आहे. तिथे नागरिकांच्या तीन श्रेणी आहेत, आणि जिंकलेले लोक तळाला. तिसऱ्या भागात ल्यूक आणि सासाराय ही पात्रे म्हणजे हार्मोनियाचा प्रमुख पुरोहित हिकुसाक याच्याच घडवलेल्या प्रती आहेत असे कळते, पण तो स्वतः कधी समोर येत नाही. बंड करायला याहून योग्य जागा या जगात नाही. तिथला नायक पहिल्या श्रेणीतला असावा आणि त्याला तिसऱ्या श्रेणीतल्यांच्या दारी जाऊन विनवावे लागावे. काहींनी दार लावून घ्यावे. काहींनी त्याच्या बापाने काय केले ते विचारावे. आणि त्या १०८ जणांत निदान एक असा असावा, ज्याला आणायला गेलेल्या नायकाला आधी त्याच्या गावाची जमीन परत करावी लागेल. त्याशिवाय शिळेवर नाव नाही, मग खेळणाऱ्याने पाकिटातून कितीही काढून दिले तरी.