घेतलेली शपथ, घातलेली शपथ

मराठीत शपथ घेतात आणि शपथ घालतातही. घेणारा स्वतःला बांधतो, घालणारा दुसऱ्याला. आपल्या सुरतेच्या गुजरातीत 'सम खावा' आणि 'सम आपवा' असा हाच भेद आहे. लिंबायत-डिंडोलीच्या मराठी घरांत मुली दोन्ही भाषांतून हे ऐकतच वाढतात. लग्नापर्यंत 'नीट राहण्याच्या' ज्या शपथा मुलींना दिल्या जातात, त्या मला याच भेदाच्या उजेडात वाचाव्याशा वाटतात. शपथ हाही शेवटी एक मजकूरच असतो.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरतेतील सुमारे १०,००० विद्यार्थी-विद्यार्थिनींना, आईवडिलांच्या संमतीवाचून लग्न करणार नाही, अशी शपथ देण्याचा बेत वर्तमानपत्रांतून गाजला. पाठोपाठ १३ फेब्रुवारी २०२० ला अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे येथील एका महिला महाविद्यालयाच्या शिबिरात मुलींकडून, प्रेम करणार नाही व प्रेमविवाहही करणार नाही, असे वदवून घेतले गेले. मुलांना अशी शपथ का नाही, असा प्रश्न पंकजा मुंडे यांनी तेव्हा विचारला होता.

शरीराचा उल्लेख या दोन्ही शपथांत नाही. पण 'प्रेमात पडू नकोस' या आठ अक्षरी धाकाचा रोख कुठे असतो, हे आपल्याकडे आईलाही कळते आणि मुलीलाही.

चांदूरच्या मजकुरातली मेख पुढेच आहे. त्यात हुंड्याविरुद्धही शपथ होती. मात्र रूढीप्रमाणे आईवडिलांनी हुंडा देऊन लग्न लावलेच, तर निदान आपल्या सुनेकडून तो घेणार नाही, अशी पुस्ती होती. म्हणजे हुंड्याला पळवाट आहे, प्रेमाला नाही. आईवडिलांच्या चुकीची सोय मजकुरात आधीच केलेली, आणि मुलीच्या चुकीला जागाच ठेवलेली नाही. वाक्याचा कर्ता 'मी' असला, तरी हा 'मी' मुलीने लिहिलेला नाही.

अमेरिकेत १९९३ पासून चर्चच्या पुढाकाराने कौमार्याच्या शपथांची चळवळ पसरली. तिथल्या तरुणांची २००९ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगते की, पाच वर्षांनी शपथ घेणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी आपण अशी शपथ कधी घेतलीच नाही, असे सांगितले. त्यांचे वर्तन इतरांपेक्षा वेगळे नव्हते. फक्त संततिनियमनाची साधने ते कमी वापरत होते. शपथेने मोह टळला नाही, सावधपणा तेवढा गेला.

मुलींच्या मनातला खरा 'मी' मराठीत १९३३ सालीच आला होता. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'मधल्या शिकलेल्या, अविवाहित मुली स्वतःची ओढ आणि कोंडी बोलून दाखवतात. त्यावर केवढे काहूर उठले! लेखिकेला टोपणनावाआड राहावे लागले. या मुली स्वैर नव्हत्या. त्यांच्यातल्या कितीतरी संयमानेच जगत होत्या. पण त्या संयमाची किंमत त्या स्वतः सांगत होत्या, आणि समाजाला सलले ते हे सांगणेच.

माझ्या एका भाचीने कॉलेजात अशीच शपथ घेतली होती. सगळ्यांनी हात पुढे केला, म्हणून तिनेही केला. पुढे एक मुलगा तिच्या मागे लागला, वाटेत अडवू लागला. घरी सांगायला तिला सहा महिने लागले. "मावशी, मीच शपथ मोडली असं वाटलं असतं ना सगळ्यांना," ती म्हणाली.

संयमाला माझा विरोध नाही. आषाढात गौरीव्रताचे पाच दिवस अळणी खाणाऱ्या मुली मी आमच्या गल्लीत दरवर्षी पाहते. लग्नापर्यंत थांबायचे असे एखादीने स्वतः ठरवले, तर तो तिचा मान आहे. पण घातलेली शपथ मुलीला संकटापासून वाचवत नाही. संकटात घरी येण्याची तिची वाट मात्र बंद करते. तेव्हा शपथ घ्यायचीच असेल, तर ती आपण आईबापांनी घ्यावी : पोरी, काहीही झाले तरी आधी तुझे ऐकून घेऊ.