आईला अमर करण्याआधी

जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात. ही पुस्तके उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. इंग्रजी अनुवादातही चौकटींचा क्रम तोच राहतो. द्वारकाला राहणाऱ्या माझ्या भाच्याने योशितोकी ओइमा यांचे ‘टू युअर इटर्निटी’ माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, “खाला, ये अपनी किताबों जैसीच है, सीधे हाथ से खुलती.” उर्दू शिकवणाऱ्या बाईला एवढे आमंत्रण पुरेसे होते.

२०१६ साली जपानी साप्ताहिकातून सुरू झालेल्या या कथेचा नायक फुशी अमर आहे. कुणा अज्ञात शक्तीने त्याला गोळ्याच्या रूपात पृथ्वीवर टाकले. तो आधी दगड झाला, मग शेवाळ, मग लांडगा, मग एक मुलगा. मेलेल्यांचे रूप तो घेऊ शकतो. म्हणजे जवळचे माणूस गेल्याशिवाय त्याची झोळी भरत नाही. आपल्या दास्तानांतला सिकंदर आबे-हयातच्या शोधात निघतो आणि तहानलेलाच परततो. फुशीने मात्र काही मागितलेलेच नाही. बाकी राहणारा एक अल्लाहच, असे मानणाऱ्या वाचकाला अमर नायक प्रथम खटकेल. पण ही कथा अमरत्वाचे गुणगान करीत नाही, त्याचे ओझे दाखवते.

या अमर जिवाला बोलता येत नाही, नीट खाता येत नाही. त्याला आई मिळते ती मार्च नावाची चिमुरडी. मोठे व्हावे आणि आई व्हावे, एवढेच तिचे स्वप्न. गावाने तिला मात्र एका प्रचंड अस्वलापुढे बळी म्हणून निवडले आहे. ती फुशीला खाऊ घालते, अन्न मिळाले की ‘आभारी आहे’ म्हणायला शिकवते. पुढे पिओरान ही म्हातारी त्याला भाषा आणि अक्षरे देते. तिला विस्मरण जडते तेव्हा तोच तिची सेवा करतो. आईपण जन्म देण्यात नाही, शिकवण्यात आहे, हा या कथेचा गाभा मला मोलाचा वाटतो.

तरीही एक प्रश्न उरतो. मार्च बळी जाण्यापासून वाचते, पण पुढे आपल्या ताईसारख्या पारोनाला वाचवताना बाण झेलते आणि मरते. लेखिकेने बळीच्या प्रथेचा निषेध केला आहे, हे खरे. पण कथेची रचनाच अशी की मार्च मेल्याशिवाय फुशीला तिचे रूप लाभत नाही. प्रथेने मागितलेला बळी शेवटी कथेनेच घेतला.

हे केवळ जपानी साहित्यात घडते असे नाही. आमच्याच नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्यांची आई १९१७ सालीच गेली होती. श्यामची आईही पुस्तकाच्या शेवटी जाते आणि मराठी घराघरांत अमर होते. फरक असा की ती आधी भरपूर जगते. भित्र्या श्यामला झोडपून पोहायला पाठवते, पत्रावळ लावायला शिकवते, कर्जाने पिचते, रागावते. तिचे थकणे आपल्याला दिसते. मार्चला थकायला, चुकायला, मोठे व्हायला लेखिकेने वेळच दिलेला नाही. म्हणून तिचे मरण आपल्याला रडवते, पण तिचे आयुष्य आपल्या ध्यानात राहत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. अम्मी कामावर जायची, म्हणून धाकट्या भावाला कडेवर घेऊन ही शाळेच्या दारापर्यंत यायची. भावाला ‘शुक्रिया’ म्हणायला तिनेच शिकवले होते. मोहल्ल्यात सगळे म्हणायचे, “कितनी समझदार बच्ची है, बिलकुल माँ जैसी.” सातवीनंतर ती शाळेत आली नाही. तिची वही अजून माझ्या कपाटात आहे. मीही तेव्हा तिचे कौतुकच केले होते. मार्च वाचताना ते कौतुक मला टोचू लागले.

आईच्या पायाखाली जन्नत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या पायांत काटा रुतला आहे का, हे विचारायचे राहून जाते. ओइमांची कथा सुंदर आहे, आपल्या मुलांनी जरूर वाचावी. पण वाचून झाल्यावर त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा : मार्च जगली असती, तर ती काय झाली असती?

भाच्याला मी हा प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “टीचर, शायद.”