टॉवेलची चादर

ही गोष्ट २०१६ सालची. आमचे चिरंजीव तेव्हा दुसरीत होते आणि संध्याकाळी साडेसातनंतर रिमोट त्यांच्या ताब्यात असे. मी बँकेतली रोकड जुळवून घरी यावे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात घ्यावी आणि समोर ‘मोटू पतलू’ चालू असावे, असा शिरस्ता होता. आधी मी वैतागलो. मग बघू लागलो. आणि एके दिवशी पकडला गेलो.

“अहो, तो खेळायला गेलाय खाली,” सौ. म्हणाली.

“माहीत आहे. एवढा भाग संपू दे.”

आता तुम्ही म्हणाल, या कार्टूनात आहे तरी काय? काही नाही. तेच तर आहे! फुरफुरीनगरात मोटूला भूक लागते, तो चहावाल्याचे समोसे लांबवतो, पतलू अक्कल काढतो, डॉक्टर झटका एखादे यंत्र काढतो, जॉन डॉन व्हायला निघतो आणि इन्स्पेक्टर चिंगम त्याच्या मागे लागतो. दहा-अकरा मिनिटांत सगळ्यांचा यथेच्छ मार खाऊन होतो आणि पुढच्या भागात सगळे पुन्हा कोरे करकरीत हजर. मी पडलो बी.कॉम. मला यातली हिशेबाची पद्धत फार आवडली. या गावात ‘मागील पानावरून पुढे’ ही भानगडच नाही. कालची उधारी आणि कालचे टेंगूळ काल रात्रीच निर्लेखित!

‘लोटपोट’ या मुलांच्या हिंदी नियतकालिकातली ही जोडी २०१२ च्या ऑक्टोबरात निकलोडियनवर आली आणि १४ ऑक्टोबर २०१६ ला ‘किंग ऑफ किंग्ज’ नावाने मोठ्या पडद्यावर. ‘मिर्च मसाला’वाले केतन मेहता निर्मात्यांत, गाणी गुलजारांची, संगीत विशाल भारद्वाज यांचे. एवढी मोठी माणसे समोशामागे उभी राहिलेली पाहून मीही तिकिटे काढली.

सिनेमात सर्कशीतून पळालेला गुड्डू नावाचा भित्रा सिंह भेटतो. मोटू-पतलू त्याला जंगलात नेतात. तिथे एका लोभी माणसाचा डोळा जंगलावर आहे. पुढे काय होते ते तुम्हीही सांगाल. भित्रा धीट होतो. चिरंजीवांनी मध्येच दोनदा विचारले, “बाबा, मोटू कुठंय?” मध्यंतरात मात्र त्यांना समोसाच हवा होता. पडद्यावर मोटू फुकट खातो, पैसे बाहेर बापाला पडतात.

घरी येताना मी विचार करत होतो. सोलापूरकराला हे सांगायला नको की टॉवेल कितीही ताणला तरी त्याची चादर होत नाही, तो फाटतो. चादरीला माग वेगळा, नक्षी वेगळी, सूतही जास्त लागते. सिनेमावाल्यांना हे ठाऊक होते. त्यांनी टॉवेल ताणला नाही, हा त्यांचा शहाणपणा. दीड तासाहून लांब गोष्टीला कोणीतरी बदलावे लागते. मोटू बदलला तर उद्या साडेसातला काय दाखवणार? म्हणून बदलायला सिंह आणला. चादर झाली, पण नक्षी सिंहाची. आपले दोघे काठाला.

आपल्याकडचे मोटू-पतलू म्हणजे चिं. वि. जोशींचे गुंड्याभाऊ-चिमणराव. त्यांच्यावर ‘लग्न पहावे करून’ १९४० साली निघाला. दूरदर्शनवरच्या मालिकेनंतर १९७९ साली पुन्हा चित्रपट आला. त्यांना सिंह लागला नाही. कारण चिमणराव मुळात लग्न करतो, त्याला पोरे होतात, त्याची शिल्लक पुढच्या पानावर जाते. आयुष्य ज्याच्या अंगाला लागते, त्याचा सिनेमा होतो. मोटूच्या अंगाला फक्त समोसे लागतात.

हा सिद्धान्त मी ऑफिसात ऐकवला. कोणी दाद दिली नाही. पण महिन्याच्या आत प्रत्यय आला. ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता रिमोट पहिल्यांदाच माझ्याकडे आला आणि पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याचे कळले. आमची इतक्या वर्षांची मालिका एका रात्रीत सिनेमा झाली! दारापासून रस्त्यापर्यंत रांग, आत नोटांचे ढीग, रोज रात्र. लोक बोलत होते ते नोटांबद्दल. आम्ही कॅशवाले आमच्याच सिनेमात काठाला. रोकड जुळेना तेव्हा मला गुड्डूची दया आली. धीट व्हायला त्याला निदान जंगल तरी मिळाले होते.

नव्या वर्षात रांगा ओसरल्या. एका संध्याकाळी रोकड पहिल्याच बेरजेला जुळली. घरी येऊन भाकरी मोडली. समोर मोटू समोसा लांबवत होता.

“बाबा, आज नवीन काहीच नाही,” चिरंजीव कुरकुरले.

“देव पावला,” मी म्हणालो आणि त्यांच्या शेजारी सरकून बसलो.