न्यूरोलिजिन सिनॅप्स ‘बनवतं’ का?

न्यूरोलिजिन हे पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं प्रथिन. ‘ते सिनॅप्स बनवतं’ हे वाक्य तुमच्याही नोट्समध्ये असेल. ते कुठून आलं ते बघू.

२००० साली शायफेले आणि सहकाऱ्यांनी चेतापेशी नसलेल्या पेशींत न्यूरोलिजिन घातलं. त्या पेशींना टेकलेल्या अक्षतंतूंमध्ये सिनॅप्सची संदेश पाठवणारी बाजू तयार झाली. प्रयोग देखणा, पुरावा स्वच्छ. पण सिद्ध काय झालं? डिशमध्ये हा रेणू ‘पुरेसा’ आहे, एवढंच. मेंदूत तो ‘आवश्यक’ आहे का, हा प्रश्न वेगळा.

त्याला २००६ साली वारोको आणि सहकारी भिडले. न्यूरोलिजिन १, २, ३ हे तिन्ही नसलेली उंदराची पिल्लं श्वास बंद पडून जन्मानंतर लगेच मेली. सिनॅप्सची संख्या मात्र जवळपास तेवढीच होती. बिघडलं होतं त्यांचं काम. म्हणजे जोडणी झाली, पण ती पक्व झाली नाही. अर्थात दुसऱ्या आसंजक रेणूंनी उणीव भरून काढली असेल, ही शक्यता उरतेच.

म्हणून प्रपोजल लिहिताना क्रियापद जपून निवडा. ‘बनवतं’ लिहिलंत, तर ‘काढून टाकलं तर काय होतं?’ याचं उत्तर तयार ठेवा.