न गेलेल्यांसाठी इटली

प्रवासवर्णन लिहितो तो जाऊन आलेला. पण ते असते न गेलेल्यासाठी. ही गोष्ट इतकी उघड आहे की आपल्या लेखकांना तिचा विसर पडावा यात नवल नाही. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नावे आता मध्यमवर्गीय घरांत सहज उच्चारली जातात. सुटी लागली की सहलीचे जथे निघतात, आणि परतल्यावर त्यांतील कोणी तरी लेखणी हाती घेतोच. हे लेखन सुलतानपुरात बसून वाचणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाच्या मनात एक प्रश्न राहून राहून येतो. लेखक तेथे जाऊन आला, हे मान्य. पण त्याने तेथे पाहिले काय?

मराठी मनात इटलीने जागा मिळवली ती प्रथम स्थळ म्हणून नव्हे, स्फूर्ती म्हणून. सावरकरांचे 'जोसेफ मॅझिनी' १९०७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या देशातील घुमट आणि चित्रे यांच्याशी वाचकाला कर्तव्य नव्हते; परदास्यातून सुटलेले एक राष्ट्र त्याला हवे होते. पुढे अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' या १९४०च्या पुस्तकाने युरोपच्या प्रवासवर्णनाला माहितीच्या ओझ्यातून सोडवून ललित वाङ्मयाच्या पंक्तीत बसविले. १९६० साली पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने प्रवाशालाच गोष्टीचा नायक केले. हे ऋण मोठे आहे. तथापि पु. लं.च्या मागून निघालेल्यांनी त्यांची गंमत उचलली, दृष्टी उचलली नाही. गावापेक्षा गावात झालेली लेखकाची फजिती मोठी झाली, आणि गावाच्या वाट्याला उरली ती 'भव्य', 'दिव्य', 'अवर्णनीय' ही विशेषणे. अवर्णनीय असेल तर वर्णन करावयास बसला कशाला, असे विचारावेसे वाटते!

या गर्दीत मीना प्रभू यांचे 'रोमराज्य' निराळे उठून दिसते. दोन भागांचा हा ग्रंथ केवळ इटलीला वाहिलेला आहे. सवडीने हिंडावे, वाचून जावे, माणसांशी बोलावे, ही त्यांची रीत. गाव म्हणजे यादीतील खूण करावयाची ओळ नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. माझी तक्रार आहे ती एवढीच की इतिहास सांगण्याची हौस त्यांना आवरत नाही. कोणी बांधले, कोणी पाडले, कोणाचा खून झाला, हे आपण रंगून ऐकतो. पण ते गाव त्या आकाराचे का झाले, हे विचारावयाचे राहून जाते. हा दोष एकट्या त्यांचा नाही. आपली इतिहासाची गोडी बखरीवर पोसलेली आहे. तिला व्यक्ती दिसतात, रचना दिसत नाही.

रचना दिसणे म्हणजे काय, ते गटेकडून शिकावे. १७८६ साली तो व्हेरोनाच्या प्राचीन रंगमंडलात गेला. त्याने प्रथम विचार केला तो दगडांचा नव्हे, गर्दीचा. सपाट जागी काही पाहण्यासारखे घडले की लोक भोवती जमतात. मागचे बाकांवर चढतात, पिंपे लोटून आणतात, गाड्या उभ्या करतात, जवळची टेकडी अडवतात, आणि पाहता पाहता एक विवर तयार होते. शिल्पकाराने करावयाचे ते एवढेच की हे माणसांचे विवर दगडात बांधावयाचे. लोणारच्या विवरापासून चार कोसांच्या आत राहणाऱ्या वाचकाला हे वाचून व्हेरोना न पाहता दिसते. येथे एकही विशेषण खर्ची पडलेले नाही.

आमच्या वऱ्हाडातील माणूस कोठलेही गाव पाहिले की आधी विचारतो, पाणी कोठून आणतात? हा प्रश्न इटलीला विचारून पाहा. सिएना हे टेकडीवरचे नगर. त्याला नदी नाही. म्हणून तेथील लोकांनी मध्ययुगात जमिनीच्या पोटात बोगदे खणले. सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या या जाळ्यातून पाणी मुख्य चौकातील कारंज्यापर्यंत आले. तो चौक विटांच्या नऊ पाकळ्यांचा, मध्याकडे उतरता. पावसाचे पाणी एका मुखाशी जमते. २ जुलै आणि १६ ऑगस्टला याच चौकात घोड्यांची शर्यत होते. ती आमच्या लेखकांनी हौसेने वर्णिली आहे; पायाखालच्या पाण्याबद्दल माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. व्हेनिसचे तर काय सांगावे! चहूकडे पाणी, पण ते खारे. १८८४ साली नळ येईपर्यंत हे शहर मुख्यतः चौकाखालच्या टाक्यांत वाळूतून गाळून साठविलेले पावसाचे पाणी पीत होते. विहिरींची कोरीव दगडी तोंडे आजही चौकाचौकांत उभी आहेत. प्रवासी त्यांना टेकून छायाचित्र काढतो आणि पुढे जातो.

ही दृष्टी परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. महानुभावांची 'स्थानपोथी' घ्या. नरवेलला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या वि. भि. कोलत्यांनी ती संपादिली. चक्रधर कोठे उतरले, देवळाचे दार कोणत्या दिशेला, कोणत्या अंगाला काय, हे ती मोजक्या शब्दांत सांगते. भक्ती एवढी उत्कट, पण शब्द किती कोरडे! चक्रधरांच्या चरित्रात येणारी लोणार आणि मेहकर ही गावे मराठी गद्याने आपल्या बाल्यातच पाहून ठेवली आहेत. मग हे गद्य मोठेपणी आंधळे का व्हावे?

प्रश्न इटलीपुरता असता तर इतके लिहिलेच नसते. फ्लॉरेन्सला 'अवर्णनीय' म्हणणारी लेखणी लोणारला 'निसर्गाचा चमत्कार' म्हणून मोकळी होते. २०२०च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा देशभर बातम्या झळकल्या. पण त्या खाऱ्या पाण्याच्या काठाशीच गोड्या पाण्याची अखंड धार आहे आणि देवळे तिच्या आधाराने उभी आहेत, याचे विस्मयकारक नाते कोणी उलगडले? सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थळ पाहून लोक नमस्कार करतात, तो केलाच पाहिजे. पण तेथील बारव आणि तलाव पाहून ते गाव कसे जगले असेल, हे विचारणारा विरळा. जे दूर जाऊन पाहता आले नाही, ते जवळ बसूनही दिसत नाही.

म्हणून प्रवासवर्णनाची माझी कसोटी साधी आहे. ते वाचून मला इटलीला जावेसे वाटले की नाही, हे गौण. पुस्तक मिटल्यावर मेहकरच्या रस्त्यावरचे एखादे पडके दगडी काम मला पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागले, तर लेखकाचा प्रवास सफळ झाला. नाही तर तो जाऊन आला एवढेच. आणि आम्ही होतो तेथेच राहिलो.