बेपत्ता स्त्री आणि वाचकांचे न्यायासन : ‘मारी रोजे’चे पुनर्वाचन

गुन्हेकथेचा विचार मराठी समीक्षेने बहुधा रंजनपर वाङ्मयाच्या सदरात केला आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकांच्या काही पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे मान्य करूनही या प्रकाराची गंभीर चिकित्सा तुरळकच झाली. परिणामी एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडला. प्रत्यक्षात घडलेला, न उलगडलेला आणि ज्यातील माणसे अद्याप हयात आहेत असा गुन्हा जेव्हा कथेचा विषय होतो, तेव्हा वाचक नेमक्या कोणत्या भूमिकेत असतो? तो आस्वादक असतो, साक्षीदार असतो, की न्यायाधीश?

एखादी व्यक्ती बेपत्ता होते, तिचा शोध सुरू राहतो आणि पुढे तो खुनाचा प्रकार असल्याचे निष्पन्न होते. अशा प्रकरणांभोवती आज महाजालावर हजारो अनोळखी माणसे एकत्र येतात, वेळापत्रके मांडतात, संशयित ठरवतात आणि परस्परांचे तर्क खोडून काढतात. ही घटना नव्या माध्यमाची निर्मिती आहे असे सामान्यतः समजले जाते. तथापि तिची वाङ्मयीन मुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील न्यूयॉर्कमध्ये आढळतात. एडगर अ‍ॅलन पो याची ‘द मिस्टरी ऑफ मारी रोजे’ ही कथा या दृष्टीने तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

मेरी सिसिलिया रॉजर्स ही तरुणी ब्रॉडवेवरील जॉन अँडरसन याच्या तंबाखूच्या दुकानात विक्रेती होती. तिच्या रूपामुळे दुकानाला गिऱ्हाइकी लाभली आणि तिलाही एक प्रकारची प्रसिद्धी मिळाली. १८३८ मध्ये ती नाहीशी झाल्याची बातमी छापून आली होती. मात्र त्या वेळी ती लवकरच परतली. २५ जुलै १८४१ रोजी, रविवारी, आत्याकडे जात असल्याचे नियोजित वर डॅनियल पेन याला सांगून ती नॅसॉ स्ट्रीटवरील आईच्या खाणावळीतून बाहेर पडली. २८ जुलैला तिचा मृतदेह न्यू जर्सीतील होबोकेननजीक हडसन नदीत सापडला.

या तीन दिवसांत प्रकरणाचा वाङ्मयप्रकारच पालटला, असे म्हणता येईल. बेपत्ता व्यक्तीची कथा ही प्रतीक्षेची कथा असते. तिच्या केंद्रस्थानी त्या व्यक्तीचे परतणे असते. प्रेत सापडताच प्रतीक्षा संपते आणि कोडे सुरू होते. त्यानंतर कुतूहलाचा विषय ती स्त्री राहत नाही, तर तिला मारणारा होतो. वाचकसमूह मात्र तोच राहतो. काल तिच्यासाठी हळहळणारे लोक आज तिच्या वर्तनाची, ओळखीपाळखींची आणि फिरण्याच्या वाटांची चौकशी करू लागतात.

हा वाचकसमूह घडवणारे साधन आदल्याच दशकातले होते. १८३३ मध्ये ‘सन’ आणि १८३५ मध्ये ‘हेरल्ड’ ही एका सेंटला मिळणारी वृत्तपत्रे निघाली. जुन्या पत्रांची किंमत सहा सेंट होती. कारागीर, दुकानातील नोकर आणि मोलमजुरी करणारे यांच्या हाती प्रथमच रोजचे वृत्तपत्र पडले. मेरी रॉजर्सच्या मृत्यूने त्यांना रोज उलगडत जाणारी, परंतु शेवट नसलेली कथा पुरवली. एका पत्राने मृतदेह तिचा नव्हेच असे प्रतिपादन केले, दुसऱ्याने गुंडांच्या टोळीवर संशय धरला, तर तिसऱ्याने जवळच्या माणसांकडे बोट दाखवले. ऑक्टोबर १८४१ मध्ये पेन याने घटनास्थळाजवळच्या परिसरात विष घेऊन जीव संपवला. गुन्ह्याचा उलगडा मात्र कधीच झाला नाही आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.

२

पो त्या काळी फिलाडेल्फियात राहत होता. न्यूयॉर्कमधील या घटनेचे त्याचे ज्ञान मुख्यतः वृत्तपत्रांतून आलेले होते. म्हणजेच कथाकार होण्यापूर्वी तो या प्रकरणाचा दूरस्थ वाचक होता, ही बाब कथेच्या आकलनासाठी मूलभूत मानावी लागते. त्याने घटना पॅरिसला नेली, हडसनच्या जागी सेन नदी आणली, तंबाखूच्या दुकानाचे अत्तराचे दुकान केले आणि मेरीची मारी रोजे केली. न्यूयॉर्कच्या पत्रांना फ्रेंच नावे मिळाली, पण त्यांची विधाने मुळाबरहुकूम राहिली. वेषांतर असे पातळ होते की समकालीन वाचकाला मूळ चेहरे ओळखण्यास कष्ट पडू नयेत.

या कथेत दुपँ घराबाहेर पडत नाही. तो मृतदेह पाहत नाही, साक्षीदाराला भेटत नाही, नदीकाठी जात नाही. तो केवळ कात्रणे वाचतो. ‘द मर्डर्स इन द रू मोर्ग’ (१८४१) या पूर्वीच्या कथेत तो निदान घटनास्थळाची पाहणी करतो. येथे मात्र शोध हा संपूर्णतः वाचनाचा व्यापार झाला आहे, आणि म्हणूनच गुन्हेकथेच्या इतिहासात ही कथा वाचनविषयक कथा म्हणून महत्त्वाची ठरते.

तिचे सामर्थ्य प्रथम मान्य केले पाहिजे. बुडालेले प्रेत पृष्ठभागावर येण्यास सहा ते दहा दिवस लागतात, या एका पत्राच्या विधानाची दुपँ पदार्थविज्ञानाच्या आधारे छाननी करतो. परिचित तरुणी काही चौक ओलांडेपर्यंत कोणाच्याच दृष्टीस पडणार नाही हे असंभव, असे दुसरे पत्र म्हणते. तो दाखवून देतो की हा लेखकाच्या स्वतःच्या ओळखीच्या वर्तुळावरून काढलेला निष्कर्ष आहे. प्रतिष्ठित पुरुषाची वाट आणि दुकानात काम करणाऱ्या मुलीची वाट यांत फरक असतो. झुडपात सापडलेल्या वस्तू कित्येक आठवडे तेथे पडून होत्या, या दाव्यामागचा गृहीताचा धागाही तो उकलतो. वृत्तपत्राचे उद्दिष्ट सत्यापेक्षा खळबळ उडवण्याचे असते, हे त्याचे निरीक्षण आजही जुने झालेले नाही. संहितेतील फटी, गृहीतके आणि हितसंबंध शोधणारी ही दृष्टी चिकित्सक समीक्षेचीच आहे.

परंतु खंडनाकडून मंडनाकडे वळताच दुपँ त्याच दोषांचा वाटेकरी होतो. मारी पूर्वी एकदा नाहीशी झाली होती. त्या आणि आताच्या घटनेमधील अंतर नाविकाच्या सफरीच्या कालावधीशी जुळते. म्हणून पूर्वीचाच प्रियकर, तोही नौदलातील अधिकारी, येथे गुन्हेगार असला पाहिजे, असा त्याचा तर्क आहे. या साखळीतील प्रत्येक कडी शक्य कोटीतील आहे, पण एकही सिद्ध नाही. शक्य गोष्टींची लांब साखळी ओवली की ती संभाव्य वाटू लागते, आणि संभाव्य गोष्ट पुनःपुन्हा उच्चारली की ती निश्चित भासते. कथेच्या अखेरीस संभाव्यतेचे विवेचन करताना फाशांचे उदाहरण येते: लागोपाठ दोनदा षट्कार पडल्यावर तिसऱ्यांदा तो पडणार नाही यावर पैज लावणे रास्त, असे मत तेथे मांडले आहे. गणितदृष्ट्या ते चूक आहे, कारण मागील दानाचा पुढील दानावर परिणाम होत नाही. तर्काच्या या प्रतिष्ठित प्रतिनिधीने ऐन समारोपात असा घोटाळा करावा, यात दूरस्थ शोधकाच्या आत्मविश्वासाचे मर्म दडलेले आहे.

३

कथा ‘स्नोडेन्स लेडीज कम्पॅनियन’ या मासिकात नोव्हेंबर व डिसेंबर १८४२ आणि फेब्रुवारी १८४३ अशा तीन हप्त्यांत प्रसिद्ध झाली. प्रकाशन सुरू असतानाच प्रकरणाला नवे वळण लागले. वीहॉकेन येथील पथिकाश्रमाची चालक फ्रेडरिका लॉस मृत्युशय्येवर असताना, मेरीचा मृत्यू तिच्या आश्रमातील गर्भपाताच्या प्रयत्नात झाला असे तिने सांगितल्याचे वृत्त पसरले. हे खरे असेल तर नौदलाच्या अधिकाऱ्याने केलेल्या खुनाचा डोलारा कोसळत होता. जानेवारीचा अंक कथेविना गेला. शेवटच्या हप्त्यात दुपँचा तर्क निर्णायक टप्प्यावर येताच चौकटी कंसातील एक संपादकीय टीप अवतरते: पुढील भाग विशिष्ट कारणांस्तव गाळला असून अपेक्षित निष्पत्ती झाली, एवढेच वाचकाला कळते. गुन्हेकथेने ज्याचे वचन दिले होते तो उलगडाच गाळला गेला.

१८४५ मध्ये ‘टेल्स’ या संग्रहात कथा समाविष्ट करताना पोने तिच्यात फेरबदल केले. गर्भपाताच्या शक्यतेला वाव राहील असे काही शब्द घातले, काही निश्चयात्मक विधाने सौम्य केली आणि तळटीपा जोडल्या. दोन व्यक्तींच्या जबान्यांनी कथेतील निष्कर्षांना पुष्टी मिळाली, असा दावा त्या टीपांत आहे. १९४१ मध्ये विमसॅट यांनी आणि १९६८ मध्ये जॉन वॉल्श यांनी या प्रकरणाची बारकाईने चिकित्सा केली. वॉल्श यांनी दोन्ही पाठ ताडून हे बदल उजेडात आणले. नवे तथ्य समोर आल्यावर मत बदलणे हा चिकित्सकाचा गुणच होय. पोने मत बदलले, पण ते कधी बदललेच नव्हते असा देखावा उभा केला. भाकीत घटनेनंतर दुरुस्त झाले आणि त्यावर जुनी तारीख राहिली.

४

या सर्व खटाटोपात मेरी रॉजर्स कोठे आहे? कथेत तिच्या वस्त्रांचे, गाठींचे, हातमोज्यांचे वर्णन सूक्ष्म आहे. तिचे मन मात्र एकाच ठिकाणी डोकावते, आणि तेही दुपँने तिच्या वतीने कल्पिलेल्या विचारांच्या रूपाने. मृतदेह हा पुरावा होतो आणि स्त्री हे निमित्त. एमी गिलमन श्रेब्निक यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात या मृत्यूचा नागर संस्कृतीच्या अंगाने अभ्यास केला असून, १८४५ मधील न्यूयॉर्कच्या पोलीसदलाची पुनर्रचना आणि त्याच वर्षी कडक झालेला गर्भपातविषयक कायदा यांच्याशी त्याचे नाते जोडले आहे. तिच्या नावाने सुधारणा झाली. परंतु तिच्यासारख्या असहाय स्थितीतील स्त्रियांची वाट त्या कायद्याने अधिकच बिकट केली.

येथे विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वेळ घालवण्यासाठी मांडलेल्या अभिरूप न्यायालयात लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. खेळ पाहता पाहता खरा होतो, आणि तरीही खेळणाऱ्यांना तो खेळच असल्याची सबब शेवटपर्यंत उपलब्ध राहते. ज्या पुरुषामुळे ती या स्थितीत आली तो प्राध्यापक दामले तेथे हजरच नसतो. पोच्या कथेतील कोणा अधिकाऱ्याचीही अशीच अनुपस्थिती आहे. फरक एवढाच की तेंडुलकर प्रेक्षकाला त्या न्यायासनाच्या क्रौर्याचा साक्षीदार करतात, तर पो वाचकाला त्याच आसनावर बसवतो. बेणारेला निदान एक दीर्घ स्वगत लाभते. मारीला तेही नाही.

५

हाच साचा नव्या माध्यमात कसा कायम राहतो, हे २०१४ मधील ‘सीरियल’ या अमेरिकन ध्वनिमालिकेवरून दिसते. जानेवारी १९९९ मध्ये बॉल्टिमोरमधील एक शाळकरी मुलगी बेपत्ता झाली आणि फेब्रुवारीत तिचा मृतदेह सापडला. तिचा पूर्वीचा मित्र २००० मध्ये दोषी ठरला. सारा केनिग यांनी बारा भागांत या निकालाची फेरतपासणी केली. निवेदिकेने आपला संशय आणि अनिश्चितता लपवली नाही, हा पोपेक्षा पुढचा टप्पा होय. श्रोत्यांच्या समूहांनी मात्र दर आठवड्याला स्वतःचे खटले चालवले. त्यांच्यासाठी ही रहस्यकथा असली तरी आपल्यासाठी हे वास्तव आयुष्य आहे, अशा आशयाची व्यथा मृत मुलीच्या भावाने त्यांच्यापुढे मांडली.

पुढील घटना अधिक बोलक्या आहेत. २०२२ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. २०२३ मध्ये ती पुन्हा प्रस्थापित झाली, कारण त्या सुनावणीची पुरेशी पूर्वसूचना मृताच्या कुटुंबाला मिळालेली नव्हती. २०२४ मध्ये मेरीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच निर्णय कायम केला. २०२५ मध्ये दोषसिद्धी तशीच ठेवून शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी करण्यात आली. लोकप्रिय आख्यानाला ‘दोषी की निर्दोष’ असा एकच प्रश्न ठाऊक होता. न्यायालयाला, त्या कुटुंबाचे स्थान कोणते, असा दुसरा प्रश्न विचारावा लागला. कथनातून वगळलेली माणसे कायद्याच्या दारातून परत आली.

६

यावरून दूरस्थ वाचकाने मौन पाळावे असा निष्कर्ष निघत नाही. वृत्तपत्रांच्या सैल तर्काचे दुपँने केलेले खंडन मौलिकच आहे, आणि न्यायसंस्थेच्या चुका अनेकदा बाहेरच्याच डोळ्यांना दिसतात. प्रश्न निकषाचा आहे. काल्पनिक गुन्हेकथेत उलगडा अचूक जमणे हे कलात्मक यश असते. वास्तव गुन्ह्यावरील कथनाला तो निकष अपुरा पडतो. नवे तथ्य समोर आल्यावर कथन स्वतःत काय बदल करते, तो बदल उघड करते की झाकते, आणि मृत व्यक्तीला पुराव्यापलीकडे काही अस्तित्व देते की नाही, या तीन कसोट्या येथे लावाव्या लागतात. पहिल्या दोन कसोट्यांवर पोची कथा उद्‌बोधक अपयश ठरते, तर तिसरीचे भान तिला जवळजवळ नाहीच. तिचा कंसातील रिक्त भाग मात्र तिच्या कर्त्याच्या इच्छेविरुद्ध प्रामाणिक आहे. जे ठाऊक नव्हते त्याची जागा तिथे मोकळी राहिली आहे, आणि ती कोणत्याही तळटीपेने आजवर भरलेली नाही.