ब्लास्केटचे गाव आणि फॉर्स्टर यांची प्रस्तावना

ई. एम. फॉर्स्टर हे नाव माळव्यातील मराठी घरांना अपरिचित नाही. १९१२-१३ च्या हिवाळ्यात ते देवास थोरल्या पातीच्या दरबारी पाहुणे म्हणून आले आणि १९२१ साली महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. त्या वास्तव्यातील पत्रांवर आधारलेले ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली निघाले. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला आयर्लंडच्या पश्चिम टोकाशी असलेल्या ग्रेट ब्लास्केट बेटावरचे गाव उठले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. फॉर्स्टर यांचा मात्र त्या गावाशी आहे, आणि तो तपासून पाहावा असे आम्हांला पुष्कळ दिवस वाटत होते.

प्रथम गाव. केरी परगण्यातील डिंगल द्वीपकल्पाच्या टोकाला डनक्विन नावाची वस्ती आहे. तिच्यासमोर, दोन-तीन मैलांच्या खवळत्या खाडीपलीकडे हे बेट. लांबी सुमारे पाच किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरही नाही. जणू समुद्रातून वर आलेला डोंगराचा कणा. झाड औषधालाही नाही. वस्ती सगळी ईशान्य टोकाला, मुख्य भूमीकडे तोंड केलेल्या उतारावर, कारण तेवढाच भाग अटलांटिकच्या वाऱ्यापासून काहीसा आडोशाला आहे. घरे पाठीमागून उतारात रोवलेली, त्यामुळे मागचे छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेले. जुन्या घरांच्या गवती छपरात कोंबड्या अंडी घालीत, आणि जेवणाच्या वेळी वरून पिल्ले खाली पडल्याची हकिकत टोमास ओ’क्रिहन मोठ्या खुशीत सांगतो. शेतात बटाटे आणि ओट, खताला समुद्रशेवाळ, जळणाला डोंगरावरची पीट माती, ती वाहायला गाढवे. मासेमारी ‘नेव्होग’मधून, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेले कापड ताणून केलेल्या होडीतून. गावात चर्च नाही, पाद्री नाही, डॉक्टर नाही, दुकान नाही. शाळा १८६४ ला सुरू झाली आणि १९४१ ला मुलांअभावी बंद पडली.

त्या खाडीत १५८८ साली स्पॅनिश आरमाराचे ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज बुडाले, हा इतिहासाच्या पुस्तकातला उल्लेख. गावाचा स्वतःचा इतिहास निराळा आहे. जमीन सरदाराची; १९०७ साली ती सरकारी मंडळाने विकत घेतली, शेतांची फेरवाटणी केली आणि गावाच्या वरच्या अंगाला पाच नवी पक्की घरे बांधली. १९१६ च्या सुमारास लोकवस्ती पावणेदोनशेच्या आसपास होती, १९५३ मध्ये बावीस उरली. तरुण पिढी अमेरिकेला, विशेषतः मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डला गेली. १९४७ च्या जानेवारीत एक आजारी तरुण वादळामुळे डॉक्टर पोचू न शकल्याने दगावला. त्याच वर्षी वादळात अडकलेल्या गावकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना अन्नासाठी तार केली, आणि पुढे स्थलांतराची मागणीही गावकऱ्यांनीच लावून धरली. गाव कोणी जबरदस्तीने उठवले असा जो समज वाचकांत दिसतो तो म्हणूनच खरा नव्हे.

एवढ्याशा या गावाने आयरिश भाषेला एक साहित्य दिले. टोमास ओ’क्रिहन याचे आत्मचरित्र ‘अन टिलानख’, म्हणजे ‘बेटकरी’, १९२९ साली निघाले. मॉरिस ओ’सलिव्हन याचे ‘वाढीची वीस वर्षे’ १९३३ साली. पेग सेयर्स हिने मुलाकडून लिहवून घेतलेले आत्मकथन १९३६ साली. मॉरिसच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर त्याच वर्षी आले आणि त्याला प्रस्तावना फॉर्स्टर यांनी लिहिली. तीत त्यांनी या पुस्तकाला नवाश्मयुगीन संस्कृतीचे आतून घडवलेले दर्शन मानले आहे. प्रस्तावना आपुलकीची आहे, आणि पुस्तकाला जगभर वाचक मिळवून देण्यात तिचा वाटा मोठा आहे. तरीही आमचे मत असे की, या एका कल्पनेने ब्लास्केटच्या साहित्याचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही प्रतिकूल टीकेने केले नाही.

कारण मॉरिस नवाश्मयुगातला नव्हता. आई वारल्यामुळे तो डिंगलमध्ये वाढला, इंग्रजी बोलत. बेटावर आला तो सुमारे सातव्या वर्षी, आणि आयरिश तिथे शिकला. पुढे डब्लिनला जाऊन पोलिसात भरती झाला. ज्या भाषेत त्याने लिहिले ती त्याने मिळवलेली भाषा होती. चुलीशी एक बोली आणि बाजारात दुसरी असे बालपण घालवलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. टोमासचेही तसेच. आयरिश वाचायला तो चाळिशीच्या सुमारास शिकला, तेही हवामानाने डनक्विनला अडकवून ठेवले असताना, शाळकरी मुलांच्या पुस्तकांवरून. ब्रायन केली या मित्राने त्याला गॉर्की आणि पिएर लोती वाचून दाखवले, तेव्हा कुठे आपल्यासारख्या माणसाचे आयुष्यही पुस्तकात मावते हे त्याला पटले. म्हणजे ‘बेटकरी’च्या मागे रशिया आहे, फ्रान्स आहे. पाषाणयुगाचा माणूस रशियन आत्मचरित्र ऐकून लिहायला बसत नाही!

टोमासचे पुस्तक शोकगीत म्हणून वाचण्याची जी रीत पडली आहे तिचे मूळही याच कल्पनेत आहे. वास्तविक त्याची मुले कड्यावरून पडून, समुद्रात बुडून, आजाराने गेली, हे तो चारदोन वाक्यांत आटोपतो आणि शेंवड्यांच्या भावाकडे वळतो. वसुलीला आलेल्या अधिकाऱ्यांवर दगडांचा मारा करणाऱ्या बायका, दारूच्या मैफली, गावातल्या टिंगलखोर कवीमुळे बुडालेला पीट कापण्याचा दिवस, फुटलेल्या जहाजातून वाहून आलेला माल: हे सारे त्याला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याला कारभार सांगायचा आहे. हळहळ वाचकाने आपल्या पदरची घातली आहे. रॉबिन फ्लॉवर यांनी हे ओळखले. भाषांतर करताना त्यांनी सिंग यांच्या नाटकांतली नटवी आयरिश-इंग्रजी मुद्दाम टाळली आणि साधी इंग्रजी वापरली, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

‘हिल ऑफ देवी’ वाचताना आम्हांला हीच अडचण येते. महाराजांवरचे लेखकाचे प्रेम खरे आहे, गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे वर्णनही बहारीचे आहे. पण दरबारातला गोंधळ लेखकाला जेवढा दिसतो तेवढा त्या माणसांचा रोजचा व्यवहार दिसत नाही. प्रेमळ पाहुणा घरातल्या जुन्या भांड्यांचे कौतुक करतो आणि त्यात आजही स्वयंपाक होतो हे विसरतो, तशातला प्रकार. देवासची माणसे आपले पुस्तक लिहून त्याला उत्तर देऊ शकली नाहीत. ब्लास्केटच्या माणसांनी प्रस्तावनेच्या आधीच ते लिहून ठेवले होते, एवढा फरक.

अर्थात घरच्यांनीही या साहित्याचे पांग नीट फेडले नाहीत. ‘बेटकरी’च्या पहिल्या आवृत्तीत संपादकाने थोडी अवखळ वर्णने, तरुणपणीची थट्टामस्करी गाळली, स्वतंत्र आयर्लंडला सोज्ज्वळ पूर्वज हवे होते. पेगचे पुस्तक तर कित्येक दशके शाळेत सक्तीचे ठेवले आणि मुलांना त्याचा वीट आणला. फ्लॅन ओ’ब्रायन याने १९४१ साली या सगळ्या प्रकाराचे विडंबन लिहिले. त्याचा रोख टोमासवर नव्हता, टोमासच्या भक्तांवर होता; त्याला टोमासचे पुस्तक मनापासून आवडे.

गाळलेला मजकूर परत घेतलेली मूळ संहिता २००२ साली सिद्ध झाली आणि तिचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१२ साली निघाले. आमच्या वाचकांपैकी ज्यांना हे गाव पाहायचे असेल त्यांनी आरंभ टोमासपासून करावा, फ्लॉवर यांचे भाषांतर आणि हे नवे भाषांतर शेजारी ठेवून. मग मॉरिस घ्यावा, आणि फॉर्स्टर यांची प्रस्तावना पुस्तक संपल्यावर वाचावी.